लाल की तपकिरी

ऑरगॅनिकच्या तासाला मनोरमा मॅडम हिरव्या फळ्यावर रेणू काढत पांढऱ्या खडूने, आणि इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे गेले हे दाखवणारे बाण लाल खडूने. ते बाण अल्पेशला कधी धड दिसले नाहीत. लाल रेघ त्याच्यासाठी फळ्यात बुडून जायची. मॅडमचा हात एक वळण घेतो आणि पुढच्या ओळीत रेणू बदललेला असतो, एवढंच त्याला कळे. आजूबाजूची पोरं माना डोलवत असायची. आपलीच अक्कल कमी, असं समजून तो गप्प बसे.

मग घरी येऊन तो ते सगळं पेन्सिलीने पुन्हा काढायचा. इथे इलेक्ट्रॉन जास्त आहेत, तिथे कमी, म्हणजे धक्का इकडून बसणार, आणि हा अणू निघून जाणार. बाण दिसत नसल्यामुळे प्रत्येक बाण त्याला स्वतःला शोधावा लागे. वर्गातली बाकीची मुलं रिअॅक्शनची नावं पाठ करून बेजार व्हायची. अल्पेशला पाठ करायची वेळच आली नाही. दुसऱ्या वर्षापासून परीक्षेच्या आधी पोरं त्याच्याभोवती जमू लागली. "अल्प्या, ही एक समजव ना यार," म्हणत कोणीतरी कागद पुढे करायचं.

अल्पेश राजावलीचा. घरामागे खाडी, खाडीच्या अलीकडे वडिलांची भातशेती. भात निघालं की त्याच जमिनीत मिरची, वाल, मुळा, माठ. वडील शत्रुघ्न शेत बघायचे आणि आई जिजा भाजी घेऊन वसईच्या बाजारात बसायची. लहानपणी वडील त्याला बियाण्यासाठी पिकल्या मिरच्या तोडायला पाठवत आणि तो निम्म्या हिरव्या घेऊन येई. "लक्ष कंय असतं तुझा?" म्हणून एकदा मारही बसला. मुलगा हुशार पण धांदरट, असं घरात ठरून गेलं. त्यालाही ते पटलं होतं.

खरं काय ते कळलं दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला. अमाइन ओळखायची एक चाचणी असते. अमाइन आम्लात विरघळवून बर्फात थंड करायचं, त्यात थेंब थेंब सोडियम नायट्राइट घालायचं आणि ते बीटा नॅफ्थॉलमध्ये ओतायचं. रंग, म्हणजे अझो डाय, तयार होतो. शेजारच्या क्षितिजाने आपली ट्यूब उचलली आणि ती जवळजवळ ओरडलीच, "बघ ना, कसला लालभडक आलाय!"

अल्पेशने बघितलं. त्याला चिंचेच्या कोळासारखं काहीतरी दिसलं. त्याने आपली ट्यूब शेजारी धरली. तिच्यातही कोळच होता. समोरच्या बाकावरची पोरं आपल्या ट्यूबचे फोटो काढत होती. त्याने "हां, भारी आलाय" म्हटलं आणि मान खाली घातली.

त्या संध्याकाळी खाडीच्या बांधावर बसून त्याने मोबाईलवर रंगांची नजर तपासायची ती ठिपक्यांची चित्रं उघडली, ज्यांच्यात आकडे लपवलेले असतात. पहिल्या चित्रात सगळ्यांना दिसतो तो आकडा त्यालाही दिसला. त्यानंतरच्या चित्रांत नुसते ठिपके होते. मोबाईलचा उजेड वाढवला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं. ठिपकेच.

खाली माहिती होती. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणं हे जन्मजात असतं, त्यावर औषध नाही. मुलाला ते आईकडून येतं. आईला स्वतःला काही त्रास नसतो, तिच्या भावात किंवा बापात ते असू शकतं.

हे शेवटचं वाक्य वाचून त्याने मोबाईल बंद केला.

कारण त्याला मामा आठवला. जिजाचं माहेर अर्नाळ्याचं. तिचा भाऊ तरुणपणी एका बोटीवर खलाशी होता. बोटीच्या एका बाजूला लाल दिवा असतो, दुसऱ्या बाजूला हिरवा. समोरची बोट कुठे तोंड करून आहे ते त्यावरून कळतं. एकदा तिन्हीसांजेला मामा सुकाणूवर असताना त्याने समोरच्या बोटीचा दिवा चुकीचा ओळखला. टक्कर थोडक्यात चुकली, पण त्या बोटीची जाळी फाटली आणि तिचा एक माणूस पाण्यात पडला. त्याला वर काढलं, तो वाचला. मामा दारू प्यायला होता, असं सगळं गाव म्हणालं. तो थेंबही घेत नसे. पुन्हा कोणी त्याला बोटीवर घेतलं नाही. पुढचं आयुष्य त्याने मासळी सुकवायच्या कामात काढलं. घरात काही वाद झाला की शत्रुघ्न जिजाला एकच बोलायचे, "तुझ्या भावासारखा आंधला धंदा नको करू." त्यावर जिजा भांडी जोरात आपटायची, बस.

आता हे घरी सांगायचं म्हणजे आईच्या माहेराकडे बोट दाखवायला वडिलांच्या हातात आणखी एक निमित्त देणं. आणि कॉलेजात सांगायचं तर केमिस्ट्रीच्या मुलाला रंग कळत नाहीत हे ऐकून कोण काय म्हणेल, कोण जाणे. त्याने कोणालाही काही सांगायचं नाही असं ठरवलं.

क्षितिजाला मात्र सांगावं लागलं नाही. तिने एकदा मुद्दाम दोन ट्यूब त्याच्यासमोर धरल्या आणि विचारलं, "यातली हिरवी कुठली?" तो हसून टाळायला लागला. ती हसली नाही.

"किती दिवस लपवणारेस?"

"डिग्री मिळेपर्यंत."

"वेडा आहेस तू."

वेडा म्हणाली खरी, पण त्यानंतर प्रत्येक प्रॅक्टिकलला ती त्याच्या शेजारी उभी राहू लागली. तो ट्यूब उचलायचा आणि ती स्वतःच्या कामातून मान न काढता पुटपुटायची: "जांभळा." "हिरवट." "लाल, चांगला लाल." वसई रोडच्या एका सोसायटीत राहणारी, बँकेतल्या क्लार्कची ही मुलगी थिअरीत कच्ची होती, तिला तो कँटीनमध्ये बसवून बाण शिकवायचा. दोघांचं काहीतरी चालू आहे, असं अख्ख्या वर्गाने ठरवून टाकलं होतं. दोघांनीही ते खोडून काढलं नाही, कारण त्याआड खरी गोष्ट सुरक्षित होती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेची यादी लागली तेव्हा क्षितिजा सकाळच्या बॅचला होती आणि अल्पेश दुपारच्या.

"मी मॅडमला सांगून बॅच बदलून घेऊ?" तिने विचारलं.

"कारण काय देशील?"

तिने यादीकडे पाठ फिरवली. म्हणाली, "आत्ता तरी सांग ना त्यांना."

"आत्ता सांगितलं तर दोन वर्षांच्या जर्नलचं काय? रंग कोणी बघितले, विचारतील. तू अडकशील."

त्याने आपलं गणित मांडलं होतं. रंगावाचूनही बरंच कळतं. पदार्थ आम्लात विरघळतो की सोड्यात, बुडबुडे येतात का, वास कसा येतो, स्फटिक सुईसारखे आहेत की पापुद्र्यासारखे. आणि मेल्टिंग पॉइंट तर थर्मामीटरच सांगतो. नाव पक्कं झालं की पुस्तकात दिलेला रंग लिहायचा. केलेल्या चाचणीचाच रंग लिहायचा, त्यात खोटं काय?

एप्रिलची दुपार होती. लॅबमध्ये पंखे बंद, कारण वारा आला की बर्नर विझतात. घामाने सगळ्यांचे एप्रन पाठीला चिकटले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक इझाबेल मॅडम होत्या. उंच, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्या कोणाशी फार बोलत नव्हत्या. बाकांमधून फिरत कोणाचीही ट्यूब उचलायच्या, खिडकीकडे धरायच्या आणि परत ठेवायच्या. त्यांनी ट्यूब ठेवली की त्या पोराचा चेहरा पडायचा किंवा उजळायचा.

अल्पेशला पुडीत दोन पदार्थांचं मिश्रण मिळालं. त्याने ते सौम्य आम्लात हलवलं. एक भाग विरघळला, दुसरा तसाच राहिला. गाळून घेतलेल्या पाण्यात सोडा घातल्यावर विरघळलेला पदार्थ पांढरा होऊन परत आला. म्हणजे अमाइन. त्याने तो वाळवला, काचेच्या बारीक नळीत भरला आणि तापवत ठेवला. पारा हळूहळू चढला आणि पदार्थ फार लवकर, गरम चहापेक्षाही कमी तापमानाला वितळला. त्याला आनंदाने शहारा आला. पॅरा-टोल्युइडिन. दुसरं काही असूच शकत नाही. त्याने खात्रीसाठी पुन्हा एकदा नळी भरली आणि पुन्हा तापवली.

आणि त्यात चूक झाली. चाचणीसाठी मासळी बाजारातून आणलेला बर्फ चंचुपात्रात होता. हा थर्मामीटरकडे डोळे लावून बसला तोवर त्याचं पाणी झालं. तो परत आला तेव्हा वर दोन-चार बारीक तुकडे तरंगत होते. बर्फ आहे एवढंच त्याने बघितलं. थंडी गेलेली होती. थंडी नसेल तर ते मधलं संयुग टिकत नाही, फुटतं, आणि रंगाऐवजी नुसता गाळ होतो. अल्पेशने नायट्राइट घातलं, बीटा नॅफ्थॉलमध्ये ओतलं. काहीतरी दाट खाली बसलं. त्याने ट्यूब उचलली. चिंचेचा कोळ. नेहमीसारखाच.

त्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं: गडद लाल साका.

इझाबेल मॅडम त्याच्या बाकाशी आल्या तेव्हा तो पदार्थाचं नाव लिहीत होता. त्यांनी ट्यूब उचलली आणि खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली. मग उत्तरपत्रिका ओढून घेतली.

"हे वाच."

"गडद लाल साका, मॅडम. अझो डाय."

"याच ट्यूबमध्ये?"

"हो."

"नक्की? दुसरी कुठली ट्यूब नाही ना?"

त्यांच्या आवाजावरून त्याला कळलं की काहीतरी बिघडलंय. काय, ते त्याला ट्यूबकडे बघून कळणं शक्य नव्हतं. तो बघत राहिला.

"हीच आहे, मॅडम."

"हे लाल आहे?"

शेजारच्या बाकांवरचे आवाज थांबले.

"हा चिखल आहे," मॅडम म्हणाल्या. "तपकिरी चिखल. डाय झालेलीच नाही. तू मेल्टिंग पॉइंटवरून नाव काढलंस आणि पुस्तकातला रंग लिहून मोकळा झालास. बरोबर?"

"मी टेस्ट केली, मॅडम. खरंच केली."

"मग लाल कुठे बघितलास?"

मॅडमनी पेन्सिलीने त्या ओळीवर काट मारली. "चुकलं असतं आणि तपकिरी लिहिलं असतंस तर मी अर्धे मार्क दिले असते. न बघता लिहिणारा मुलगा मला लॅबमध्ये नको. उद्या औषधाच्या कंपनीत जाऊन हेच करशील. कोणीतरी ते औषध घेईल."

मनोरमा मॅडम धावत आल्या. "काय झालं? हा माझा चांगला विद्यार्थी आहे."

"तुमच्या चांगल्या विद्यार्थ्याला विचारा, हा रंग कुठला."

मनोरमा मॅडमनी ट्यूबकडे बघितलं, मग अल्पेशकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. ती त्याला जास्त लागली. खोटारडा म्हणून बाहेर पडायचं, की ते दुसरं सांगायचं? सगळा वर्ग ऐकत होता. त्याच्या हातातला पेन घामाने निसटला आणि बाकाखाली गेला. तो उचलायला तो वाकला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "मला लाल कळत नाही."

"म्हणजे?"

"लाल आणि तपकिरी मला सारखंच दिसतं. हिरवंसुद्धा. जन्मापासून."

कोणीतरी मागे खुसखुसलं. इझाबेल मॅडम हलल्या नाहीत. "पकडलं गेल्यावर हे आठवलं?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी समोरच्या बाकांवरून तीन ट्यूब आणल्या आणि ओळीने लावल्या. "यातल्या सारख्या दोन काढ."

त्याने काढल्या. कोणीतरी "बापरे" म्हणालं, त्यावरून त्याला समजलं की जोडी चुकली.

"हे नाटकही असू शकतं," इझाबेल मॅडम म्हणाल्या, पण आवाजाची धार कमी झाली होती. "आणि खरं असेल तर तीन वर्षं तू रंग कसे लिहिलेस? कोण सांगत होतं?"

क्षितिजा दाराबाहेरच थांबली होती, हे त्याला माहीत होतं.

"मी विचारतेय."

"ते मी नाही सांगणार, मॅडम. मला शून्य द्या."

मनोरमा मॅडमनी हळूच दाराकडे बघितलं. काचेपलीकडे क्षितिजाची ओढणी दिसत होती. "मला वाटायचं हे दोघं..." त्या बोलता बोलता थांबल्या. "ते मी बघेन, मॅडम. ते माझ्या कॉलेजचं आहे."

दोघी खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलल्या. अल्पेशला ऐकू येत नव्हतं. बर्नरची ज्योत फडफडत होती, ती त्याने बंद केली, मग पुन्हा लावली, काय करावं ते न सुचून. पोरं आपापल्या कामाला लागली होती, पण चोरून बघत होती.

इझाबेल मॅडम परत आल्या. "लिहिलेलं खोटं होतं, त्याचे मार्क गेले. ते परत मिळणार नाहीत. टेस्ट पुन्हा करायला वेळ आहे. रंग मी बघेन आणि मी सांगेन. तो येतो की नाही, हे तुझ्या हातात."

लॅबच्या शिपाईमामांनी नवा बर्फ आणून दिला. या वेळी अल्पेशने बर्फ फोडून चंचुपात्र गच्च भरलं, वरून मीठ टाकलं आणि थर्मामीटर आत उभा करून ठेवला. नायट्राइटचा पहिला थेंब बाहेरच पडला. दुसरा थेंब आत. थांबला. पारा बघितला. तिसरा. मग ती थंडगार ट्यूब त्याने बीटा नॅफ्थॉलमध्ये ओतली, आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं, कारण बघण्यासारखं त्याच्यासाठी तेवढंच होतं.

मॅडमनी ट्यूब खिडकीकडे धरली. चष्मा चढवला.

"लाल," त्या म्हणाल्या.

"कसा लाल, मॅडम?"

"कसा म्हणजे? लाल." मग त्यांनाच ते कमी वाटलं असावं. "चांगला आलाय," असं म्हणून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या.

अल्पेश पास झाला. त्याच्या थिअरीच्या मार्कांशेजारी प्रॅक्टिकलचे मार्क विचित्र दिसत होते. क्षितिजाला मनोरमा मॅडमनी केबिनमध्ये बोलावून चांगलंच सुनावलं, आणि मग प्रकरण तिथेच मिटवलं. अल्पेशला म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आण. आणि आधी मला का नाही सांगितलंस? मी पिवळा खडू वापरला असता." त्याला हसू आलं नाही. इतकं सोपं होतं ते, याचाच त्याला त्रास झाला.

दाखला आणायचा म्हणजे घरी सांगणं आलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने सांगितलं. शत्रुघ्न ऐकत होते. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"औषध नाय काय त्यावर?"

"नाय."

जिजा ताटं उचलत होती, ती थांबली. "ह्या माझ्याकरना आला ना?"

खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं. "कोणाच्या हातात नसतं आई ते."

"म्हंजे माझ्याकरनाच." तिने ताटं खाली ठेवली. ती रडेल असं अल्पेशला वाटलं. शत्रुघ्नही सावरून बसले होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. पण जिजाने पदराला हात पुसले, मोबाईल घेतला आणि अर्नाळ्याला भावाला फोन लावला. शत्रुघ्नांच्या समोर बसून, मोठ्याने.

"दादा, ऐक. त्या येलेला दिव्याचा झाला ना, त्यान तुझा काय चुकला नवता. तुना लाल दिसतच नाय. आपल्या अल्पेशला बी दिसत नाय. जन्मापासना असतं ता." तिने विचारलं, "ऐकतंस ना?" मग ती ऐकत राहिली. तेव्हा तिचे डोळे भरून आले. फोन ठेवल्यावर म्हणाली, "इचारतो, पोराची परीक्षा कशी गेली."

शत्रुघ्न उठून मागच्या दाराने शेताकडे गेले. माफी मागणारा माणूस तो नव्हता. पण दोन दिवसांनी त्यांनी वाल आणि मुळ्याची मोठी पिशवी भरली आणि अर्नाळ्याला स्वतः नेऊन दिली. भावावरचा तो टोमणा त्या घरात पुन्हा कधी ऐकू आला नाही.

औषधाच्या एका मोठ्या कंपनीने अल्पेशची मुलाखत घेऊन त्याला निवडलं आणि मेडिकलमध्ये तीच ठिपक्यांची वही समोर ठेवून नाकारलं. ते आठ दिवस वाईट गेले. वालीवच्या एका लहान कारखान्यात तो गेला तेव्हा बायोडाटा देण्याआधीच त्याने सांगून टाकलं. तिथे वापरलेली सॉल्व्हंटं शुद्ध करतात. लॅब सांभाळणाऱ्या लेस्लीने डोकं खाजवलं आणि विचारलं, "मशीनवरचा आलेख वाचता येतो ना?"

"येतो."

"मग ये सोमवारपासून."

सोमवारी लेस्लीने त्याला प्लँट दाखवला. डोक्यावरून पाइप गेलेले, वाफेचा लाल रंगवलेला, पाण्याचा हिरवा, दोन्हींचे व्हॉल्व्ह शेजारी शेजारी. अल्पेश तिथे उभा राहिला. घाईत चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला तर काय होईल, ते त्याला रिअॅक्शनइतकंच स्पष्ट दिसत होतं.

"लेस्ली सर," तो म्हणाला, "यांच्यावर नावं लिहून घ्यावी लागतील. तोपर्यंत मी हात लावणार नाही."

लेस्ली कुरकुरला. मग वर बघून त्याने त्या दोन व्हॉल्व्हमधलं अंतर मनाशी ताडून बघितलं असावं, कारण दुपारीच पेंटरला फोन गेला. पेंटर शिडी लावून वर चढला आणि त्याने खाली विचारलं, कुठल्या रंगात लिहू.

"काळ्या," अल्पेश म्हणाला. "आणि अक्षर मोठं काढा."